उभय पक्षांचे मामा

कार्बनबाई चिडल्या की टाइप करायच्या. कोर्टासमोरच्या वकिलांच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर, खिडकीशी त्यांचं टेबल होतं. खाली रुंद पायऱ्यांवर आपापल्या वकिलाची वाट बघत बसलेले पक्षकार मशीनच्या आवाजावरून ओळखायचे की वर हवामान कसं आहे. टकटक एका लयीत येत असली तर काम चालू आहे. ओळ संपल्यावर रूळ धाडकन मागे गेला तर बाईंचं कुणाशी तरी वाजलं आहे, आणि आत्ता वर न गेलेलं बरं.

कार्बनबाई हे नाव पडलं अंगठ्यामुळे. खरेदीखत असो, भाडेकरार असो की भागीदारीपत्र, गिऱ्हाईक तीन प्रती मागायचं आणि बाई चार काढायच्या. चौथी स्वतःची. एकतीस वर्षांच्या चौथ्या प्रती घरी पत्र्याच्या कपाटात वर्षवार लावलेल्या, आणि उजवा अंगठा कायमचा निळा. "माझ्या हातून काना-मात्रा सुटत नाही," हे त्या दिवसातून एकदा तरी म्हणायच्या. वकील ऐकून घ्यायचे, कारण त्यांनाही ते खरं वाटायचं.

घरी दोघीच. बाई आणि त्यांची थोरली नणंद. नवरा गेला तेव्हा नणंद चार दिवसांसाठी म्हणून राहायला आली ती चौदा वर्षं झाली तरी तिचे चार दिवस संपायचे होते. तिला वाचता यायचं बेताचं आणि बोलता यायचं बेसुमार. वहिनीनं काना-मात्रेचं वाक्य घरात काढलं की ती म्हणायची, "हो गं बाई, चुका करायला आम्ही आहोत ना."

अकरा वर्षांपूर्वी कोर्टात छापील कागदांना पसंती मिळायला लागली, तेव्हा बाईंनी भागीदार घेतला. तिशीतला, नम्र, दोन कंप्यूटर आणि एक प्रिंटर घेऊन आलेला. त्याला सगळे प्रिंटरवालाच म्हणायचे. भागीदारीपत्र बाईंनी स्वतः केलं, स्वतःच्या मशीनवर, एका दुपारी. दुसऱ्याकडून करून घ्यायचं म्हणजे हलवायानं बाहेरून मिठाई आणण्यासारखं. खोलीचा एक भाग त्याचा, खिडकीकडचा बाईंचा, आणि बाईंची बैठक कुणी हलवायची नाही असं कलमच घातलं.

त्याला शिकवलंही बाईंनीच. खरेदीखतात चतुःसीमा कशा लिहायच्या, म्हणजे जागेच्या पूर्वेला काय, पश्चिमेला काय, हे आधी कागदावर चौकोन काढून कसं तपासायचं. "दिशा चुकली की माणसाचं दार चुकतं," त्या सांगायच्या. तो मान हलवायचा. त्यानं कंप्यूटरमध्ये सगळ्या खतांचे मसुदे भरून ठेवले, आणि प्रत्येकाच्या तळाला बाईंच्या पद्धतीप्रमाणे एक ओळ टाकली: टाइप करणार, अमुक अमुक. नाव बाईंचं. लोक ते नाव बघून खतावर डोळे मिटून सही करायचे.

आता पाववाल्याचं. कोर्टामागच्या रस्त्यावर त्याची भट्टी. त्यानं शेजारच्या माणसाकडून ती जागा खरेदी केली, आणि भट्टीच्या मागच्या दाराशी जाणारी चिंचोळी गल्ली त्या जागेबरोबर त्याला मिळायची होती. खतात पूर्व आणि पश्चिम यांची अदलाबदल झाली. गल्ली कागदोपत्री विकणाऱ्याकडेच राहिली. त्यानं तीन आठवड्यांत तिथे लोखंडी फाटक लावलं. पाववाला तेव्हापासून पिठाची पोती दुकानातून, गिऱ्हाइकांच्या पायांमधून आत नेतो.

हे समजलं त्या सकाळी तो खत हातात घेऊन पायऱ्यांवर आला आणि ओरडायला लागला. वीस-पंचवीस माणसं होती. प्रिंटरवाला खाली उतरला. बाई त्याच वेळी इमारतीच्या फाटकातून येत होत्या. डोळ्याचं ऑपरेशन होऊन महिना झाला होता, काळा चष्मा अजून सुटला नव्हता, म्हणून त्यानं त्यांना ओळखलं की नाही कोण जाणे. त्यांनी मात्र त्याचं एकूण एक अक्षर ऐकलं.

"काय सांगू तुम्हाला," तो पाववाल्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाईंचं वय झालंय. बोटं घसरतात. मी तरी किती तपासणार? खाली नाव बघा कोणाचं आहे."

सगळ्यांनी खाली बघितलं. नाव बाईंचं होतं.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ते खत झालं त्या आठवड्यात त्या दवाखान्यात होत्या, डोळ्यांना पट्टी बांधून. मशीनच काय, ताटातला घास दिसत नव्हता. त्यांनी हे तिथेच सांगितलं. घरून दवाखान्याचा कागद आणून दाखवला. पाववाल्यानं तो वाचलाही नाही. "तुम्ही दोघं एकमेकांवर ढकला," तो म्हणाला. "माझी गल्ली गेली ती गेली." आणि पायऱ्यांवरची माणसं बाईंकडे जसं बघायला लागली, तसं एकतीस वर्षांत कुणी बघितलं नव्हतं. त्यांना कीव आली होती. शिव्या परवडल्या असत्या.

सोमवारी बाई वर गेल्या तर खोलीचं कुलूप बदललेलं. मशीन बाहेर, जिन्याच्या वळणावर, वर वर्तमानपत्र झाकून ठेवलेलं. आतून प्रिंटरचा आवाज येत होता.

"बाई, तुम्ही आता विश्रांती घ्या," तो दार किलकिलं करून म्हणाला.

"तू बाहेर ये आणि खाली जे बोललास ते परत घे."

"झालं गेलं सोडून द्या ना."

"ते तुझं झालं. माझं गेलं."

त्यांनी दावा लावला. त्यात दोनच गोष्टी मागितल्या: मला माझ्या जागेवर बसू द्या, आणि पाववाल्याचं खत मी केलेलं नाही असं कोर्टानं उघडपणे जाहीर करावं. पहिली मागणी वकिलानं घालायला लावली होती. बाईंचा जीव दुसरीत होता. खिडकी गेली तर गेली, पण प्रिंटरवाल्याला पिंजऱ्यात उभं करायचं, पट्टेवाल्यानं त्याच्या नावाचा पुकारा करायचा, आणि पंचवीस माणसांसमोर खोटं बोलला तो, तर पन्नास माणसांसमोर खरं बोलायला लावायचं. दाव्याचा कागद त्यांनी जिन्याखाली घडीचं टेबल टाकून स्वतः टाइप केला. त्यात एक वाक्य त्यांनी वकील नको म्हणत असतानाही घातलं: 'वादीच्या हातून एकतीस वर्षांत एकही चूक झालेली नाही.'

"बाई, हे काढा," वकील म्हणाला. त्याचा आयुष्यातला पहिला अर्ज बाईंनीच टाइप करून दिला होता, म्हणून तो त्यांच्याशी जपून बोलायचा. "गरज नाही याची."

"खोटं आहे का?"

"खोटं नाही हो. पण छाती दाखवली की कुणीतरी बाण काढतं."

वाक्य राहिलं.

पहिल्या तारखेला बाई सकाळी नऊपासून कोर्टाच्या बाकावर बसल्या. नणंद सोबत आलेली, पाण्याची बाटली मांडीवर घेऊन. पुकारा झाला. आता प्रिंटरवाल्याचा वकील त्याची कैफियत देईल, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, आणि मग साक्षी सुरू होतील, असा बाईंचा हिशेब. वकिलानं कैफियत दिलीच नाही. दोन पानांचा अर्ज दिला. भागीदारीपत्राच्या एकोणिसाव्या कलमाप्रमाणे भागीदारीच्या कामातून निघणारा कोणताही वाद लवादाकडे जायचा आहे, कोर्टाकडे नाही. सबब हा दावा इथेच थांबवावा.

"कलम वाचून दाखवा," न्यायाधीश म्हणाल्या.

त्यानं वाचलं. खणखणीत आवाजात, अगदी रस घेऊन. "उभय पक्षांत कोणताही वाद उद्भवल्यास तो उभय पक्षांचे मामा यांजकडे लवाद म्हणून सोपवावा, व त्यांचा निर्णय उभय पक्षांवर बंधनकारक राहील."

मागच्या बाकावर कुणीतरी नाकातून हसलं.

"मामा कोण?" न्यायाधीशांनी विचारलं.

बाईंचा वकील लगेच उठला. त्याला वाटलं देवच पावला. "तेच तर आहे. या दोघांचं नातंच नाही. दोघांना मिळून एक मामा असणं शक्य नाही. जो लवाद अस्तित्वातच नाही त्याच्याकडे वाद जाणार कसा? कलम निरर्थक आहे, दावा इथेच चालावा."

न्यायाधीशांनी भागीदारीपत्र हातात घेऊन उलटसुलट बघितलं. मग बाईंकडे. "हे कोणी टाइप केलं?"

बाई उभ्या राहिल्या. "मी."

"स्वतः?"

"स्वतः."

"आणि दाव्यात लिहिलंय की एकतीस वर्षांत एकही चूक नाही." त्यांनी ते टोमण्यानं म्हटलं नाही, आणि तेच जास्त लागलं. "मामा चुकून आले असतील. पण वाद लवादाकडे न्यायचा, कोर्टात नाही, हे दोघांनी सही करून मान्य केलेलं दिसतं. माणूस सापडत नसेल तर दुसरा नेमता येतो. कैफियत देण्याआधी अर्ज आला आहे, म्हणजे वेळेत आहे. दावा स्थगित. महिन्याभरात दोघांच्या संमतीनं लवाद नेमा, नाही जमलं तर कोर्ट नेमेल."

एवढंच. पुढचा पुकारा झाला. बाईंना कळेना की त्या अजून उभ्या का आहेत. नणंदेनं पदर ओढून त्यांना बाहेर आणलं.

"म्हणजे हरलीस का तू?"

"हरले नाही. थांबवलंय."

"मग तो बोलणार कधी सगळ्यांसमोर?"

"नाही बोलणार. बंद खोलीत बोलेल."

"मग हरलीसच की," नणंद म्हणाली.

संध्याकाळपर्यंत मामाची गोष्ट इमारतभर झाली. वकील जिन्यावरून येता-जाता विचारायचे, "बाई, मामा बरे आहेत ना?" ज्यांनी वीस वर्षं त्यांच्या मशीनवर आपली पोटं भरली ते. बाई उरलेला दिवस कुणाचंही नसलेलं काहीतरी टाइप करत राहिल्या आणि रूळ धाडधाड मागे जात राहिला.

घरी येऊन त्यांनी पत्र्याचं कपाट उघडलं. राग दुसऱ्यावरचा असला की माणूस भांडतो. स्वतःवरचा असला की कागद उपसतो. बारा वर्षांपूर्वीच्या गठ्ठ्यात मामा सापडले. दोन मावसभावांनी छापखाना काढला होता. दोघांचा खरोखरच एक मामा होता, घरातली भांडणं तोच मिटवायचा, म्हणून त्यांनी कलमात तसं घालायला सांगितलं होतं. कलम नेटकं बसलं होतं. बाईंना आवडलं. पुढचं भागीदारीपत्र आलं तेव्हा त्यांनी तीच प्रत समोर ठेवली. नावं बदलली, पत्ते बदलले, धंदा बदलला. मामा तसेच राहिले.

त्यांनी मोजले. स्वतःचं धरून सतरा.

"हे काय?" नणंदेनं एक कागद उचलला. "हे तर कोपऱ्यावरचे चप्पलवाले. नवरा-बायको आहेत ते."

"हो."

"नवरा-बायकोचा मामा एकच? म्हणजे तू त्यांना भाऊ-बहीण करून ठेवलंस?"

बाई हसल्या नाहीत. एक तिसराच कागद त्यांच्या हातात होता. दोन मैत्रिणींनी मिळून शिवणकामाचं दुकान काढलं होतं. चार वर्षांपूर्वी त्यातली एक कोर्टातून रडत आली होती: दावा थांबवला म्हणाले, लवाद शोधा म्हणाले, कोण मामा, कुठला मामा. बाईंनी तिला पाणी दिलं होतं आणि म्हणाल्या होत्या, "कायदा तसाच असतो गं. नीट वाचून सही करावी." कागद बघितला नव्हता. नीट वाचून सही करावी. हे त्या म्हणाल्या होत्या, त्यांच्याच तोंडानं.

"दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं..." नणंदेनं सुरुवात केली.

"वन्सं, आज नको," बाई म्हणाल्या. नणंद चौदा वर्षांत पहिल्यांदा म्हण अर्धी सोडून उठली.

लवाद कोर्टानं नेमला. निवृत्त न्यायाधीश, कान थोडे जड. त्यांची खोली दातांच्या दवाखान्याच्या वर होती. खालून यंत्राचा बारीक आवाज सतत येत होता, आणि मधूनच कुणीतरी कण्हायचं. लांब टेबल, पाच खुर्च्या, दार बंद. बसल्याबरोबर त्यांनी दोघांपुढे एकेक कागद ठेवला: इथे जे बोललं जाईल ते इथेच राहील, बाहेर कुणाला सांगणार नाही. प्रिंटरवाल्यानं बघितल्यासारखं करून सही केली. बाईंनी कागद तीनदा वाचला. लवाद घड्याळ बघत राहिले. मग बाईंनी सही केली, कारण न करून जायचं कुठे? मागचं दार त्यांनीच बंद करून घेतलं होतं.

बाईंच्या वकिलानं दवाखान्याचा कागद पुढे केला. तारीख, वेळ, पट्टी कधी बांधली, कधी सोडली. मग पाववाल्याच्या खताची तारीख. लवादांनी दोन्ही शेजारी ठेवून प्रिंटरवाल्याकडे पाहिलं.

आणि तो बोलला. इतक्या सहज की बाईंना आपल्या कानांवर विश्वास बसेना.

"हो, ते मीच केलं. घाई होती. दिशा उलटसुलट झाल्या. बाईंचं नाव मसुद्यात होतं, ते खाली राहून गेलं."

"राहून गेलं?" बाई म्हणाल्या. "आणि पायऱ्यांवर बोट दाखवून वाचून दाखवलंस, तेही राहून गेलं होतं?"

त्यानं पेनाला टोपण लावलं.

"तुम्हाला काय हवंय?" लवादांनी बाईंना विचारलं.

"आत्ता जे बोलला ते त्यानं पायऱ्यांवर बोलावं. एकदा. माझी जागा नको, खिडकी नको, काही नको."

प्रिंटरवाल्याचा वकील बसल्या जागेवरून म्हणाला की ते शक्य नाही. अशिलाच्या धंद्याचा प्रश्न आहे. शिवाय कागदावर दोघांची सही आहे, इथलं इथेच. लवादांनी मान हलवली, जागेबाबत पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, तारीख दिली. खाली कुणाचा तरी दात निघाला असावा. बाईंना वाटलं, मी इथे तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाते आहे आणि तो माणूस खाली निदान मोठ्यानं ओरडू तरी शकतो. पंचवीस माणसांसमोर नासवलेलं नाव चार माणसांसमोर, बंद दाराआड साफ झालं होतं. ते साफ झालं असं कुणाला सांगायचीही सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्या कामाला बसल्या. ठरवलेलं असं काही नव्हतं. हात मशीनवर गेले आणि टाइप झालं. मोठ्या अंतरानं, ठळक, एका पानावर:

'जाहीर कळवण्यात येते की खालील सतरा भागीदारीपत्रांत एकोणिसाव्या कलमात मामा हा शब्द माझ्या चुकीमुळे पडला आहे. चूक माझी आहे. दुसऱ्या कोणाची नाही. मी जुनी प्रत समोर ठेवून टाइप केले व वाचले नाही. संबंधितांनी येऊन दुरुस्तीपत्र करून न्यावे. ते मी करून देईन.' खाली सतरा दुकानांची यादी. सर्वांत वर स्वतःची खोली. तळाला, नेहमीच्या जागी: टाइप करणार. आणि नाव.

पहिल्यांदा कधी नव्हे ते त्यांनी कार्बन लावला नाही. तेच पान दोनदा टाइप केलं आणि दोन्ही वेळा शेवटपर्यंत वाचलं. एक जिन्याच्या भिंतीवर चिकटवलं, एक पायऱ्यांच्या कठड्यावर. मग त्या पायऱ्यांच्या मधोमध उभ्या राहिल्या. चिडलेला माणूस साधारण दुसऱ्याची चूक ओरडून सांगतो. बाईंनी स्वतःची सांगितली, त्याच आवाजात. पूर्ण वाचून दाखवली. शिवणकामवाल्या मैत्रिणींच्या दुकानाचं नाव आलं तिथे आवाज फाटला, तरी थांबल्या नाहीत.

वकिलांचं हसणं त्या दिवशी संपलं. माणूस स्वतःच कबूल झाला की चेष्टेत मजा राहत नाही. चप्पलवाले नवरा-बायको त्याच दुपारी आले. मावसभाऊ आले आणि म्हणाले, आमचा मामा खरा आहे, आमचं कशाला यादीत. बाईंनी माफी मागून त्यांचं नाव खोडलं आणि सतराचे सोळा केले.

तिसऱ्या दिवशी पाववाला आला. हातावर पीठ तसंच. त्यानं कठड्यावरचं पान सावकाश वाचलं, बोट ठेवून, एकेक दुकान. पायऱ्यांवर नेहमीची माणसं होती. तो टेबलापाशी आला.

"सगळ्या चुका लिहिल्यात?"

"माझ्या होत्या तेवढ्या सगळ्या."

"माझं खत यात नाही."

"नाही."

"का?"

बाईंनी हात थांबवले. "त्याबद्दल बोलायची मला बंदी आहे."

"कोणी घातली?"

"तेही सांगता येत नाही. मी सही केली आहे. या वेळी वाचून केली आहे." त्यांनी निळ्या अंगठ्यानं वरच्या मजल्याकडे दाखवलं. "त्याला विचारा. त्याला उत्तर माहीत आहे."

पाववाल्यानं त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मग पुन्हा कठड्यावरच्या पानाकडे. मग त्यानं हातावरचं पीठ झटकलं आणि जिना चढायला लागला. पायऱ्यांवरच्या दोघी-तिघी उठून त्याच्या मागे गेल्या. बाकीच्यांनी बोलणं थांबवलं.

वर दार उघडल्याचा आवाज आला. प्रिंटर चालू होता, तो बंद पडला.

"एकच विचारायचंय," पाववाल्याचा आवाज खालपर्यंत आला. "माझं खत तुम्ही केलं का? हो की नाही, एवढंच सांगा."

बाईंच्या मशीनमध्ये सहाव्या दुकानाचं दुरुस्तीपत्र अर्धं झालं होतं. त्यांनी दोन्ही हात मांडीवर घेतले आणि आवाज होऊ नये म्हणून खुर्चीसुद्धा हलवली नाही.